लाजेचे कुलूप



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून दुष्काळापर्यंत नाना विषय बोलले गेले. त्या मालिकेत आजचा माझा विषय काहीसा विजोड वाटेल. संगणकाला विषाणू जडला असता त्यातून पुन्हा उभे कसे राहावे, हा त्याचा एक भाग. पैसे मोजून स्त्रीचा सहवास मिळवू पाहणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते, हा दुसरा. पहिला भाग ऐकून काहींना वाटेल की हे तंत्रज्ञांचे काम. आणि दुसरा ऐकून काहींना वाटेल की मुलांना घरी ठेवून आलो हे बरे झाले. माझी विनंती अशी आहे की आज घरी गेल्यावर त्या मुलांना यातले जमेल तेवढे अवश्य सांगावे. कारण या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच व्यापार आहे. त्या व्यापाराचे भांडवल म्हणजे माणसाची भीती आणि माणसाची लाज.

प्रथम विषाणूचा विचार करू. स्वतःची नक्कल स्वतःच तयार करणारे यंत्र असू शकेल काय, या प्रश्नाचे गणित जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ साली इलिनॉय विद्यापीठातील व्याख्यानांत मांडले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६६ साली, ते विवेचन ग्रंथरूपाने बाहेर आले. १९८३ साली अमेरिकेतील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून दाखविला. त्याला ‘व्हायरस’ हे नाव त्याचे अध्यापक लेनर्ड एडलमन यांनी सुचविले. याच कोहेनने पुढे एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. प्रत्येक विषाणू अचूक ओळखील आणि निरुपद्रवी प्रोग्रॅमवर कधीही आळ घेणार नाही, असा परिपूर्ण पहारेकरी तर्कशास्त्राच्या दृष्टीनेच अशक्य आहे. म्हणजे कुंपण कितीही उंच घातले तरी केव्हा तरी चोर आत येणारच. हे एकदा मान्य केले की खरा प्रश्न उरतो तो चोर येऊन गेल्यानंतरचा.

आरंभीचे विषाणू त्या मानाने भोळे होते. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू तयार केला आणि त्यात चक्क आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला! आपल्या प्रोग्रॅमच्या चोरट्या नकला करणाऱ्यांना पकडावे, एवढाच आपला हेतू होता असे त्यांचे म्हणणे. पुढे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर हे रोग आपल्याकडेही पसरले. नव्वदच्या दशकात पुण्यात कैलास काटकर यांचे कॅलक्युलेटर व संगणक दुरुस्त करण्याचे दुकान होते. दुरुस्तीस येणारी यंत्रे विषाणूंनी ग्रासलेली असत. संगणकाचे शिक्षण घेणारे त्यांचे बंधू संजय यांनी त्यांवर औषधे लिहिण्यास आरंभ केला आणि त्यातूनच ‘क्विक हील’ जन्माला आले. एका दुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिलेला हा उद्योग आपल्या मातीतला आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

परंतु याच सुमारास या क्षेत्रात एक निराळी वृत्ती शिरली होती. डिसेंबर १९८९ मध्ये निरनिराळ्या देशांतील सुमारे वीस हजार पत्त्यांवर टपालाने फ्लॉप्या येऊन पडल्या. एड्स या रोगाविषयी माहिती देणारा प्रोग्रॅम म्हणून त्या पाठविल्या होत्या, आणि पाठविणारा जोसेफ पॉप हा स्वतः जीवशास्त्रज्ञ होता. फ्लॉपी घातल्यावर काही दिवस सारे सुरळीत चाले. संगणक नव्वद वेळा सुरू केला की फायलींची नावे विस्कटून जात आणि पडद्यावर मजकूर येई, की १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीवर पाठवा. खंडणी मागणारा हा पहिला प्रोग्रॅम. त्याचे कुलूप कच्चे होते. फायलींच्या आतील मजकूर शाबूत होता, फक्त नावे बदललेली होती, आणि जाणत्यांनी लवकरच त्यावर उतारा काढून फुकट वाटला. पॉपला अटक झाली, पण मानसिक स्थितीमुळे त्याच्यावर खटला चालू शकला नाही.

ते कच्चे कुलूप पक्के कसे होईल हे अॅडम यंग आणि मोटी युंग या दोघा संशोधकांनी १९९६ साली, इशारा म्हणून, दाखवून दिले. आपण कडी-कोयंड्याचे उदाहरण घेऊ. खटक्याचे कुलूप उघड्या स्थितीत कोणाच्या हाती दिले, तर तो ते दाबून बंद करू शकतो. त्यासाठी किल्लीची गरज नसते. चोर असे उघडे कुलूप आपल्या घरात टाकतो. ते आपल्याच कपाटाला लागते, आणि किल्ली मात्र हजार कोसांवर त्याच्या खिशात राहते. घरात कितीही शोधा, किल्ली सापडणार नाही, कारण ती घरात कधी आलेलीच नसते. २०१३ साली ‘क्रिप्टोलॉकर’ या नावाने हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, आणि नाव न सांगता पैसे घेण्यास बिटकॉइनसारखे चलन तयारच होते.

आता बरे कसे व्हावे, हे पाहू. त्यासाठी मी एक प्रसंग जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण त्याचे धागे आपल्या न्हावा शेव्यापर्यंत आलेले आहेत. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेब व करभरणीच्या एका प्रोग्रॅममधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सुटला. वरकरणी तो खंडणी मागत होता, पण त्याची रचनाच अशी होती की पैसे देऊनही काही परत मिळणे शक्य नव्हते. डेन्मार्कच्या मर्स्क या विख्यात जहाज कंपनीची यंत्रणा त्यात सापडली. जगभरच्या तिच्या कचेऱ्यांतील पडदे एकामागून एक काळे झाले. जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कोणता कंटेनर कोणाचा आणि कोठे जावयाचा, हे सांगणारेच कोणी उरले नाही, आणि मालमोटारी खोळंबून राहिल्या.

मर्स्कपाशी अनेक यंत्रांतील माहितीच्या प्रती होत्या. नव्हती ती सर्व यंत्रांची ओळख पटविणाऱ्या मुख्य सर्व्हरची निराळी प्रत. हे सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि एकमेकांची नक्कल ठेवीत असत. त्यामुळे एक बिघडला तर दुसरा आहे, असा भरवसा होता. सगळेच एका क्षणी बिघडतील, हे कोणाच्या मनात आले नव्हते. शोधता शोधता घानामधील एका कचेरीतला एकच सर्व्हर धडधाकट सापडला. त्याचे कारण काय? विषाणू आला त्या वेळी तेथील वीज गेली होती! भारनियमनाला आपण आजवर पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. पण एका बलाढ्य कंपनीचा प्राण त्या दिवशी वीज जाण्यानेच वाचला. त्या सर्व्हरमधील माहिती तारेवरून पाठविण्यास फार काळ लागला असता. तेथील माणसांपाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एकाने डिस्क घेऊन नायजेरियाचा विमानतळ गाठला, तेथे ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि दुसऱ्याने ती लंडनला नेली. इकडे माणसांनी दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. या काळात पुष्कळसे काम कागद, पेन्सिल आणि दूरध्वनी यांवर चालले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात गेले.

या कथेतून घरगुती माणसाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की रोग दिसताच यंत्र जाळ्यापासून तोडावे, म्हणजे वायर काढावी, वायफाय बंद करावे; कारण शेजारच्या यंत्राला लागण होण्यास क्षणांचा अवधी पुरतो. दुसरी गोष्ट अशी की पडद्यावरील धमकीचे छायाचित्र काढून ठेवावे, पुरावा म्हणून. तिसरी, आपले परवलीचे शब्द बदलावे, पण ते त्या आजारी यंत्रावरून बदलू नयेत. दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदलावे. चौथी, नुसते औषध पाजून समाधान मानू नये. यंत्र पूर्ण पुसून, ज्याला दुकानदार ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात ते करून, मूळ प्रणाली नव्याने बसवावी आणि मगच जतन केलेली प्रत त्यावर उतरवावी. पाचवी गोष्ट रोग येण्यापूर्वीच करावयाची आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण विषाणू तिच्यावरही तेच कुलूप घालतो. आपल्या आज्या बियाण्याची जोंधळ्याची कणगी निराळी लिंपून ठेवीत. घरात खायला नसले तरी तिला हात लागत नसे. तीच ही रीत आहे.

शिवाय पैसे भरण्यापूर्वी एक चौकशी करावी. डच पोलीस, युरोपोल आणि विषाणुविरोधी औषधे करणाऱ्या दोन कंपन्या यांनी मिळून जुलै २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम सुरू केला. ज्या कुलपांच्या किल्ल्या आजवर हाती लागल्या आहेत, त्या तेथे विनामूल्य मिळतात. प्रत्येक कुलपाची किल्ली तेथे आहे असे नाही, पण पाहण्यास काही पडत नाही.

येथे मी आणखी एका कंपनीचे नाव घेतो. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर असाच घाला पडला. तिने खंडणी दिली नाही. कचेऱ्यांच्या दारांवर कागद चिकटवून कामगारांना सांगितले, की कोणीही आपला संगणक जाळ्याला जोडू नये. पत्रकारांना बोलावून काय घडले ते सांगितले आणि पुढेही सांगत राहिली. जुन्या पद्धतीने हाताने यंत्रे चालविण्याची विद्या ज्यांना येत होती ती निवृत्त माणसे मदतीस धावून आली. तोटा सोसावा लागला, पण कंपनीची अब्रू गेली नाही, उलट वाढली. मर्स्कच्या अध्यक्षांनीही पुढच्या वर्षी दावोसच्या जाहीर सभेत आपल्यावर गुदरलेली सारी हकीकत सांगितली. ज्याला संकट बोलून दाखविता येते त्याला हात मिळतात, एवढे येथे लक्षात ठेवा.

आता मी विषयाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो.

२०१२ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत ‘रेव्हेटन’ नावाचा एक विषाणू पसरला. याने कोणत्याही फायलीला कुलूप घातले नाही. तो फक्त पडदा अडवून धरी आणि त्यावर त्या-त्या देशाच्या पोलिसांचे बोधचिन्ह झळकावून सांगे, की तुम्ही या यंत्रावर अश्लील, बेकायदेशीर चित्रे पाहिली आहेत. अमुक इतका दंड इतक्या तासांत भरा, नाहीतर अटक होईल. तंत्रदृष्ट्या हा अगदी सामान्य विषाणू. जाणत्या माणसाला तो काढण्यास फारसे कष्ट पडत नसत. तरीही लोकांनी पैसे भरले. पुष्कळांनी मजकुरात म्हटलेले काही केलेलेही नव्हते. मग भरले का? कारण संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला असता दुकानदाराने तो पडदा पाहिला असता. बायकोने पाहिला असता. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी व युरोपोलने या टोळीपैकी काहींना पकडले, तेव्हा तिची मिळकत वर्षाला दहा लाख युरोंहून अधिक असल्याचे उघड झाले. हे कुलूप संगणकाला घातलेले नव्हतेच. ते माणसाच्या तोंडाला घातलेले होते.

हाच धंदा आता संगणकातील विषाणूवाचूनही चालतो. ‘एस्कॉर्ट’ या नावाने जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळांची गोष्ट घ्या. जून २०१६ मध्ये भारत सरकारने अशी २४० संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला होता. परंतु एक दार बंद झाले की दुसरे उघडते. एखादा पुरुष, तो एकटा असेल, परगावी नोकरीला असेल, विधुर असेल, किंवा यांपैकी काहीच नसेल, अशा जाहिरातीतील क्रमांकावर निरोप पाठवितो. पुढचा प्रकार बहुधा ठरलेला असतो. छायाचित्रे येतात. ती भलत्याच कोणा मुलीची असतात आणि त्या बिचारीला त्याची वार्ताही नसते. मग नोंदणी म्हणून थोडे पैसे मागतात, पाचशे, हजार. ते गेले की हॉटेलची अनामत, आणि ती परत मिळणार अशी ग्वाही. नंतर त्या स्त्रीच्या सुरक्षिततेची ठेव. मग ‘शेवटचा’ हप्ता, आणि तो कधीच शेवटचा नसतो. पहिले बुडू नयेत म्हणून तो दुसरे देतो. दुसरे बुडू नयेत म्हणून तिसरे. जुगाराच्या अड्ड्यावर माणूस जसा अडकतो तसाच तो येथे अडकतो.

तो थांबला की आवाज बदलतो. आपला क्रमांक आहे, संभाषण आहे, समाजमाध्यमांवरून बायकोचे, भावाचे, साहेबाचे नाव काढणे अवघड नाही. अमेरिकेत या डावाला आणखी भेसूर रूप आले आहे. जाहिरातीला उत्तर देणाऱ्या माणसाला रक्तबंबाळ प्रेतांची चित्रे येतात. आपण एका गुन्हेगारी टोळीची माणसे असून तू आमच्या मुलींचा वेळ वाया घालविलास, त्याची भरपाई कर, असा मजकूर खाली असतो. तेथल्या पोलिसांनी याविषयी वारंवार इशारे दिले आहेत. या साऱ्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की भेट होतच नाही. जिला भेटावयाचे ती व्यक्तीच मुळी अस्तित्वात नसते.

२०१५ साली ‘ॲश्ली मॅडिसन’ या संकेतस्थळाने हे मोठ्या पडद्यावर दाखविले. विवाहबाह्य संबंध जुळवून देण्याचे आश्वासन देणारे हे स्थळ. जुलैमध्ये ते फोडण्यात आले आणि ऑगस्टमध्ये तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती जगापुढे टाकण्यात आली. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एकोणीस डॉलर घेऊन माहिती पूर्ण पुसण्याचे वचन ज्यांना दिले होते, त्यांची माहिती पुसलेली नव्हती. आणि पुरुषांशी गोड बोलणाऱ्या पुष्कळशा ‘स्त्रिया’ कंपनीनेच बनविलेल्या कळसूत्री बाहुल्या होत्या. पाठोपाठ खंडणीची पत्रे सुरू झाली. टोरांटो पोलिसांनी त्याच महिन्यात पत्रकारांना सांगितले, की या प्रकरणाशी जोडलेल्या दोन आत्महत्यांची अपुष्ट वृत्ते त्यांच्यापर्यंत आली आहेत.

येथे कोणी म्हणेल, ‘करावे तसे भरावे, असल्या माणसांची कीव कशाला?’ हा आक्षेप मी टाळू इच्छीत नाही. पत्नीचा विश्वासघात हा विश्वासघातच, आणि त्याचा जाब तिला देणे त्याला भाग आहे. परंतु तो जाब मागण्याचा अधिकार खंडणीखोराला कोणी दिला? कायद्याचे म्हणावे तर, १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचा रोख कुंटणखाना चालविणे, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलाविणे, बळजबरी यांवर आहे. स्वेच्छेने या व्यवसायात असलेल्या सज्ञान स्त्रीलाही माणूस म्हणून प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात स्पष्ट केले. त्या स्त्रियांना स्वतःच्या जिवाची धास्ती असते. अनोळखी पुरुषाला भेटण्यापूर्वी त्याचे खरे नाव विचारणे हा त्यांचा एक बचाव असतो. आणि खोट्या जाहिरातींनी जो अविश्वास माजतो त्याने तो बचावही दुबळा होतो. म्हणजे या धंद्यात फसतो तो पुरुष, जिचे छायाचित्र चोरले ती मुलगी, आणि जिचा बचाव दुबळा झाला ती स्त्रीदेखील. लाभ फक्त एकाचा होतो.

शिवाय या जाळ्यात केवळ दोषीच सापडतात असे नाही. जुलै २०१८ पासून लाखो लोकांना एक पत्र येऊ लागले. त्यात वाचणाऱ्याचा खराखुरा जुना परवलीचा शब्द लिहिलेला असे, आणि पुढे धमकी, की तुझ्या संगणकात विषाणू सोडून कॅमेऱ्याने तुझे नको ते चित्रण केले आहे. चित्रण नव्हते, विषाणूही नव्हता. परवलीचा शब्द तेवढा जुन्या फुटलेल्या याद्यांतून उचललेला. हा शब्द खरा, मग बाकीचेही खरेच असणार, असे मनाने ठरविले की काम झाले. आपल्याकडे याचे आणखी क्रूर रूप आहे. अनोळखी क्रमांकावरून व्हिडिओ कॉल येतो, काही सेकंद पडद्यावर नग्न स्त्री दिसते, तेवढ्यात चित्रण होते, आणि मग खोटा पोलीस अधिकारी पैसे मागतो. यात सत्तरीचे निवृत्त शिक्षक सापडतात, तशी विशीच्या आतली मुलेही सापडतात. पुण्यात २०२२ साली अशा धमक्यांपायी तरुण मुलांनी आपला जीव दिला. ज्या पालकांना मुलाच्या खोलीबाहेर उभे राहून काहीच कळले नाही, त्यांच्या दुःखाची कल्पना करा. रकमा काही हजारांच्या होत्या. त्या मुलांना वाटले की आपण घरी हे सांगू शकत नाही. या एका वाटण्यात सगळा विषय आला.

लाजेच्या या कुलपाला किल्ली आहे काय? आहे, आणि ती फिनलंडमध्ये एका संपूर्ण समाजाने वापरून दाखविली. ऑक्टोबर २०२० मध्ये तेथील ‘वस्तामो’ या मानसोपचार केंद्राची माहिती चोरल्याचे उघडकीस आले. सुमारे तेहतीस हजार रुग्णांनी बंद खोलीत डॉक्टरांना जे सांगितले होते, ते चोराच्या हाती होते. व्यसन, अपराध, लहानपणचे अत्याचार, संसारातील गुपिते. चोराने आधी संस्थेकडे खंडणी मागितली. ती मिळेना तेव्हा एकेका रुग्णाला पत्र पाठविले, की चोवीस तासांत दोनशे युरो द्या. याहून मर्मावरचा घाव कोणता असेल? पण घडले ते निराळे. मंत्रिमंडळाने तातडीची बैठक घेतली, पोलिसांनी पैसे देऊ नका असे सांगितले, आणि वीस हजारांहून अधिक माणसांनी पोलिसांकडे आपले नाव नोंदवून तक्रार दिली. कित्येकांनी ‘होय, मीही तेथे उपचार घेत होतो’ असे उघडपणे सांगितले. एकाने सांगितले तर बोट दाखवितात. वीस हजारांनी सांगितले की बोट दाखविणार कोण? गुन्हेगार सापडला आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. जखमा झाल्या, त्या राहिल्याही. पण व्यापार मोडला.

आपल्याकडे ही किल्ली कशी वापरावी, ते थोडक्यात सांगतो. धमकी आली की पैसे देऊ नयेत; एकदा दिलेले पैसे हे चोराच्या लेखी आपण घाबरतो याची पावती असते. संभाषण पुसून टाकू नये. त्याची छायाचित्रे काढावीत, क्रमांक, खाते, वेळ लिहून ठेवावी, आणि मग तो क्रमांक बंद करावा. पैसे गेले असतील तर लागलीच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. तास दोन तासांत कळविल्यास रक्कम वाटेतच अडविता येण्याची शक्यता असते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार देता येते. धमकी देऊन पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि खासगी चित्रे पसरविण्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्यातही कलमे आहेत. चित्र पसरण्याचे भय असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत ते चित्र कोणालाही न पाठविता त्याचा सांकेतिक ठसा तेवढा नोंदविता येतो, आणि सहभागी समाजमाध्यमे तो ठसा ओळखून चित्र अडवितात. मन फारच खचले तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे, तेथे रात्री-अपरात्रीही बोलणारे कोणी असते.

पण ही झाली साधने. त्यांच्या आधी एक गोष्ट लागते, आणि ती कोणत्याही सरकारच्या हाती नाही. मुलगा रात्री साडेअकराला दार उघडून बाहेर येईल आणि म्हणेल, ‘बाबा, माझ्याकडून एक झालंय’, त्या क्षणी बाबांच्या चेहऱ्यावर काय उमटते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. ‘तरी मी सांगत होतो’ हे वाक्य तेव्हा गिळावे. ते दुसऱ्या दिवशी सांगता येईल. दुसरा दिवस मिळाला तर. हेच नवऱ्याबाबत, हेच वृद्ध वडिलांबाबत आणि हेच तरुण मुलीबाबत. तिच्यावर तर समाज दुप्पट कडक असतो, म्हणून तिच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. पोलीस चौकीत तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारानेही हसू नये. त्याच्या एका हसण्याने पुढचे दहा तक्रारदार घरी बसतात.

संगणकाच्या बाबतीत आपण पाहिले, की ज्याने आधी एक प्रत निराळी जपून ठेवली तो वाचला. माणसाच्या बाबतीतही तसेच आहे. ज्याच्यापाशी आपले सारे सांगावे, आणि ऐकूनही जो आपल्याला टाकणार नाही, असे एक माणूस प्रत्येकाने आयुष्यात जपून ठेवावे. आणि ज्यांना जमेल त्यांनी दुसऱ्या कोणासाठी तसे माणूस व्हावे. येथे जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाने एका घरी जरी हे बोलणे नेले, तरी या व्यापाराचे तेवढे भांडवल कमी होईल.